मॅडम, अटकलं

वर्षातून दोनदा आमच्या संजनाचा ब्रेक असतो. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे हो. ती विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रोग्रॅमर आहे, पण हंगामी. सहा महिने भरले की एक दिवस हिला कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने नेमायचं. सलग नोकरी झाली, आता कायम करा, असं कुणी म्हणायला नको म्हणून. ही अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्यासमोर आणा, मग बघते. सात वर्षं हेच चाललंय.

संजना माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन नवघरच्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी तिची ओळख करून दिली होती, "ही मुलांचे निकाल लावते." मला वाटलं मास्तरीण आहे. मग कळलं, लाखभर मुलांचे मार्क कॉम्प्युटरात घालून पास-नापास काढायचा जो प्रोग्रॅम, तो हिने लिहिलाय. तिला विचारलं तर म्हणाली, "मी एकटीने नाही गं वहिनी." एकटीनेच लिहिला होता. सदूने मला नंतर सांगितलं. सदू म्हणजे तिच्या विभागातला शिपाई.

ब्रेकच्या दिवशी ती घरी बसते. बसते कुठली! आमच्याकडे एक दिवसाआड पाणी, त्यामुळे नळ वाजला की सासूबाई ओरडणार, "संजना, पाणी आलं!" की ही उठली. समोरच्या कोकिलाबेनच्या मुलाचा कॉम्प्युटर दर आठवड्याला बंद पडतो. त्या दारातूनच हाक मारतात, "संजना, जरा देख ना, फिर अटक गया." ही भरल्या ताटावरून उठते. मी म्हणायचे, "अगं, जेव तरी! लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुलाच नेमलंय का?" तर म्हणायची, "दोन मिनिटांचं काम आहे." आमचे हे म्हणतात, ती पहिल्यापासून अशीच आहे. अशीच आहे म्हटलं की सगळ्यांचं बरं चालतं.

लग्नाचं विचाराल तर तेही त्या ब्रेकमध्येच अडकलं. स्थळं यायची, चहा-पोहे व्हायचे आणि शेवटी मुलाची आई हळूच विचारायची, "पर्मनंट आहे ना?" संजना खरं सांगायची. मग नंतर त्यांचा फोन यायचा नाही. पुढे पुढे तीच म्हणायला लागली, कायम झाले की बघू. मला त्या बायकांचा असा राग यायचा! हिला यायचा नाही. ही पोह्यांच्या बश्या उचलायची आणि मोरीत नेऊन ठेवायची.

आणि मग गेल्या वर्षी, दोन हजार सहा साली, जाहिरात आली. प्रोग्रॅमरच्या दोन कायम जागा. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. वयाची अट अशी, की ही भरती चुकली तर संजनाला पुढची मिळणारच नव्हती. दिवाळीनंतर ती त्या अटीच्या बाहेर जात होती. मी धारावी देवीला खण-नारळ बोलले. सासूबाई तर आधीच सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमच्या संजनाचं काम झाल्यात जमा. तिथलीच ना ती!"

परीक्षा कॉम्प्युटरवरच होती, त्यांच्याच विभागात आणि हिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. पूर्वी कुठल्यातरी प्रवेश परीक्षेसाठी तिने तो केला होता. मला हसू आलं. म्हटलं, "म्हणजे आपल्याच स्वयंपाकाला आपणच पाहुणी!" ती पण हसली. तेवढंच. प्रश्न बाहेरच्या कॉलेजातून येणार होते, ते तिला माहीत नव्हते, पण ते तिला अवघड जाणार नव्हते.

मी मुद्दाम सोबत गेले. डबा घेऊन विभागाबाहेरच्या बाकावर बसले. मध्ये काचेचा दरवाजा, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. तीस-चाळीस पोरं, बहुतेक हिच्याहून लहान, आणि खिडकीजवळच्या रांगेत आमची संजना, अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस घालून. बाहेरच्या कॉलेजातले एक सर देखरेखीला होते. सदूने मला चहा आणून दिला. म्हणाला, "मॅडम नक्की होणार. नाही झाल्या तर हा विभाग कोण चालवणार?"

अर्धा वेळ गेला असेल. आत गडबड सुरू झाली. पोरं पडद्याकडे बोट दाखवायला लागली, कुणी कीबोर्ड बडवतोय, कुणी उभा राहिलाय. ते देखरेखीचे सर इकडून तिकडे फिरत होते आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळ्यांचे पेपर एकदमच थांबले होते. सर दारात आले, सदूला म्हणाले, "कुणाला तरी बोलवा."

आता सदूने काय करावं? कॉम्प्युटर अडला की सात वर्षं जे केलं तेच केलं. दार उघडलं, मान आत घातली आणि म्हणाला, "मॅडम, अटकलं."

आणि संजना उठली.

मी बाकावरून उभी राहिले. काचेवर हात आपटला. "अगं बस! तुझा पेपर आहे!" ती माझ्या समोरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा, पण नजरेत ओळख नव्हती. पलीकडच्या सर्व्हरच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं. सदू माझ्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याच्या तेव्हा लक्षात आलं आपण काय करून बसलो ते. त्याने कपाळावर हात मारला.

पाव तासात चालू झालं सगळं. पोरं पुन्हा कामाला लागली. संजना ओढणी सारखी करत परत आत गेली, जागेवर बसली आणि तशीच राहिली. हात मांडीवर. मला बाहेरून एवढंच दिसलं, की बाकीच्यांच्या पडद्यावर अक्षरं होती आणि हिचा पडदा निळा होता.

झालं होतं असं. मागे त्या प्रवेश परीक्षेला काही पोरं लघवीच्या नावाखाली बाहेर जायची आणि उत्तरं विचारून यायची. म्हणून संजनानेच त्यात घालून ठेवलं होतं, की दहा मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही, तर तो पेपर आपोआप बंद होऊन जमा होणार. बाकीची पोरं बटणं बडवत बसली होती, त्यांचे वाचले. हिची खुर्ची रिकामी होती.

बंद झालेला पेपर उघडायला विभागाच्या मोठ्या साहेबांचा पासवर्ड लागायचा. सदू धावत जाऊन साहेबांना घेऊन आला. भला माणूस, असं मी तोपर्यंत समजत होते. त्यांनी संजनाला दारापाशी बोलावलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुम्ही होतात म्हणून निभावलं," ते म्हणाले. "पण आता मी उघडला तर बाकीचे बोंब मारतील. घरच्या माणसाला सवलत दिली म्हणतील."

"हो सर," संजना म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, दर सहा महिन्यांनी घरातून हाकलता, तेव्हा नाही ती घरची? आजच बरी झाली! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!"

साहेब खाली बघायला लागले. संजना म्हणाली, "वहिनी, आत पेपर चाललाय. हळू बोल." आणि पुन्हा आत जाऊन त्या निळ्या पडद्यासमोर बसली, घंटा होईपर्यंत. बाहेर तरी यायचं! पण उमेदवाराने वेळ संपेपर्यंत उठायचं नाही, असा नियम होता म्हणे. तो हिला तेव्हा आठवला.

डबा तसाच परत आला. रिक्षात मी रडत होते, रागाने. ती माझ्या हातावर थोपटत होती. म्हटलं, "एक तरी शिवी घाल त्या मेल्यांना."

"प्रोग्रॅम बरोबर चालला गं," ती म्हणाली. "जसा लिहिला होता तसाच चालला." मग गोडदेवच्या नाक्यावर रिक्षा थांबली होती तेव्हा म्हणाली, "मला काहीच वाटत नाहीये वहिनी. वाटायला पाहिजे ना?"

मी मांडीवरच्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

अर्ध्या पेपरचे मार्क धरले गेले. ते बरेच होते, पण पुरेसे नव्हते. दोन मुलं लागली, चांगली आहेत असं संजना म्हणते. निकालाचा प्रोग्रॅम कसा चालतो ते हिनेच त्यांना शिकवलं. देवीचा खण कपाटात आहे. सासूबाई आता तिला पाण्यासाठी हाक मारत नाहीत, स्वतःच उठतात; तरी त्यांच्याआधी ती मोरीत पोचलेली असते. विचारलं की म्हणते, "नळ वाजला ना."

परवा तिचा ब्रेक होता. मी मटार सोलत होते, ती शेजारी बसून सोलत होती. फोन वाजला. मी उचलला. पलीकडे सदू, अगदी हळू आवाजात. "वहिनी, रागावू नका. त्या दोघांना जमत नाहीये. मॅडमना सांगता का, अटकलं म्हणून?"

"मॅडम आज तुमच्याकडे कामाला नाहीत," मी म्हटलं आणि फोन आपटला. सात वर्षांत पहिल्यांदा मला जरा गार वाटलं. वळून पाहिलं तर मटारांचं ताट जमिनीवर होतं आणि संजना दारात उभी होती. खांद्याला पर्स, पायात चप्पल.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"राँग नंबर."

"बरं," ती म्हणाली. खोटं आहे हे तिला कळलं होतं. मी म्हटलं, "बस गं बाई, ये." ती आली, माझ्या शेजारी बसली आणि ताट पुढ्यात ओढून मटार सोलायला लागली. चप्पल मात्र तिने संध्याकाळपर्यंत काढली नाही.