फक्त ॲडमिन बोलेल

“संडासाची चिंता काहून करता बे? आपल्याकडं ॲडमिन हाये न!”

आमच्या दहावीच्या ग्रुपवर परागनं हे टाकलं. भर दुपारी. ॲडमिन म्हणजे मी. त्याखाली लगेच दुसरा मेसेज.

“आठवीत डेमो पाह्यला न सगळ्याईनं. एक नंबर काम.”

मग हसणारे चेहरे सुरू झाले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे ते पिवळे चेहरे. एकाचे संपले की दुसऱ्याचे. एकीनं लिहिलं, “पराग, तू काही सुधरत नाहीस.” आणि खाली तिचेही तेच चेहरे.

अकोल्यात एका खासगी लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. हातात ट्यूब होती. ती स्टँडला लावली. हातमोजे काढले. खुर्चीत बसून राहिले.

तो ग्रुप मीच बनवला होता. नांदगाव खंडेश्वरची आमची बॅच. कोणी तिवसा, कोणी अमरावती, कोणी पुणे, सगळे पांगलेले. एकाचा नंबर त्याच्या भावाकडून काढला, एकीचा तिच्या नणंदेकडून. सगळ्यांना ॲड केलं. शाळेचा फोटो लावला. नियम लिहिले, राजकारण नको, गुड मॉर्निंग नको. “तू नसती तर आपण भेटलोच नसतो,” असं जो तो म्हणायचा. मला ते गोड लागायचं. फार गोड लागायचं. शाळेत कोणी माझ्याशी एवढं बोललं नव्हतं.

सगळ्यांनी मिळून सेमाडोहच्या जंगलात सहलीला जायचं चाललं होतं. तिथं बायकांसाठी संडास-बाथरूम नीट आहे का, एवढंच कोणीतरी विचारलं. त्यावर परागचं ते उत्तर. पराग म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा मुलगा. आता अमरावतीत ट्रॅक्टरची एजन्सी आहे त्याची.

आठवीतलं सांगते.

माझी माय त्या शाळेत संडास धुवायची. आमची जात कोणी विचारायचं नाही. विचारायची गरजच नव्हती. एकदा तिला ताप आला. गणिताचा तास चालू होता. वर्गशिक्षक दारात आले, माझ्याकडं बोट केलं.

“तुई माय आली नाई आज. जा, तू करून टाक. घरचंच काम हाये तुमचं.”

मी उठले. वही उघडीच राहिली.

पोरांचे संडास. बादली, खराटा. शाळेचा ड्रेस. मी धुवत होते तोवर सुट्टी झाली. पोट्टे दारात जमले. पराग आत आला. मी नुकत्याच धुतलेल्या फरशीवर, माझ्यासमोर, मुतला.

“इथं राह्यलं,” म्हणाला.

सगळे हसले. मी परत पाणी टाकलं. परत धुतलं. सर व्हरांड्यात चहा पीत उभे होते. त्यांनी पाहिलं.

वर्गात आले तर शुभांगीनं बाकावर मधोमध दप्तर ठेवलेलं. शुभांगी माझी मैत्रीण. म्हणाली, “वास येऊन राहिला.” मी नळावर जाऊन हात धुतले. परत आले. दप्तर तिथंच.

घरी काही सांगितलं नाही. वाटलं, विसरतील. मोठे झाल्यावर तर विसरलेच असतील. त्या भरवशावर मी त्यांना गोळा केलं होतं. ते विसरले नव्हते. त्यांनी ते गंमत म्हणून जपून ठेवलं होतं.

मी ग्रुपची सेटिंग उघडली. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ असं केलं. ॲडमिन मी एकटी.

चेहरे थांबले.

मग लिहिलं. त्या दिवसाचं सगळं. कोण दारात होतं, कोण मागून टाचा उंचावून पाहत होतं. कोण मुतलं. नावानिशी. आता कोण काय आहे तेही, हा वकील, ही शिक्षिका. शेवटी लिहिलं, “हसा आता.”

कोणालाच हसता येत नव्हतं. वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या वाढत होत्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मजा आली.

पहिला पराग बाहेर पडला. मग एकेक करत बाकीचे निघू लागले. संध्याकाळी शुभांगीचा फोन आला.

“काहून असं केलं गं? थो मजाक करून राहिला होता.”

“तुई पोरगी आठवीत गेली की तिच्यासंग करू दे त्याले असा मजाक.”

 तिचा आवाज बदलला. “हे पाह्य, आमी तुले आमच्यात घेतलं. तुले त्याची किंमत नाई.”

“ग्रुप माहा होता. मी तुमाले घेतलं होतं.”

तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं तीही बाहेर पडली. त्यांनी नवा ग्रुप केला, हे नंतर कळलं. सेमाडोहला गेले. फोटोही पाहिले मी.

माय माझ्याकडंच राहते. गुडघे गेलेत तिचे. तिनं विचारलं, “तुमचं सेमाडोहचं काय झालं गं?” मी सांगितलं. आठवीतलंही, पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

“मले मालूम होतं,” म्हणाली. “सरनंच सांगतलं होतं. पोरीचा हात चांगला बसला हाये, म्हणे. आता तिलेच पाठोत जा कधी कधी.”

“मंग तू काय म्हणाली?”

“हो म्हटलं. काय म्हणू? काम गेलं असतं.”

म्हणजे माझ्या मायच्या तोंडून त्या माणसानं हो वदवून घेतलं होतं. तापातून उठलेल्या बाईकडून. त्यानंतर ती आजारी असली तरी कामावर का जायची, ते मला आत्ता कळलं. मायवर चिडता आलं नाही. रडूही आलं नाही.

सर आता अमरावतीत राहतात. निवृत्त झालेत. रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. पाया पडणार नाही. बसणार नाही, पाणी घेणार नाही. त्यांच्या बायको-मुलांसमोर, मोठ्यानं, त्या दिवसाचं विचारणार आहे. ते म्हणतील आठवत नाही. मी आठवण करून देईन, शब्दन् शब्द.

आणि माफी मागितली तर ती मी घेणार नाही.