शनिवार सकाळची कॅनेडियन बीअर

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी वेरिबीच्या आमच्या फार्मसीत काउंटरमागे उभी होते. मधे प्लास्टिकची पारदर्शक भिंत, तोंडावर मास्क, आणि पलीकडच्या आजीबाईंना मी घसा फोडून सांगत होते की गोळी जेवणानंतर घ्यायची. मेलबर्नमध्ये पुन्हा लॉकडाउन लागला होता. कितवा, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. खिशात फोन थांबून थांबून थरथरत राहिला. मागच्या खोलीत जाऊन घेतला. "मेधा, शिरीष गेला," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की मी मूर्खासारखं "कुठे?" असं विचारलं. सकाळी तो रस्त्यावरचा कचऱ्याचा बिन आत आणायला गेला होता. ड्राइव्हवेत खाली बसला, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. कोविड नव्हे, हार्ट. त्या वर्षात आणखी कशाने माणूस जाऊ शकतो हेच आम्ही विसरलो होतो. बदली माणूस नव्हता, म्हणून मी परत काउंटरवर गेले आणि शिफ्ट संपवली. रडायलासुद्धा ब्रेकची वाट बघावी लागली.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले की दमायला होतं. हे दीड वर्षच दमवणारं होतं म्हणा. पण शिरीषबद्दल लिहायचं तर बीअरपासून सुरुवात करावी लागते, आणि मी आयुष्यात कधी बीअर प्यायलेले नाही, ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत विनोदी वाटत होती.

शिरीष, आमचा जुना मित्र, मूळचा पुण्याचा, इंजिनिअर. लग्नाआधी नोकरीसाठी काही वर्षं टोरोंटोत होता. तिथे त्याला छोट्या छोट्या ब्रुअरीजमध्ये तयार होणाऱ्या क्राफ्ट बीअरचा नाद लागला. मग नोकरीने त्याला मेलबर्नला आणलं, मंजिरीशी लग्न झालं, ऋचा झाली, शहराच्या कडेला टार्निटला घर झालं, पण नाद कॅनडाचाच राहिला. ऑस्ट्रेलियात राहून कॅनडाच्या बीअरचे गोडवे गाणारा माणूस म्हणजे ऑफिसमध्ये चेष्टेला आयतंच गिऱ्हाईक. इथली बीअरही तो प्यायचा, बार्बेक्यूला कुणी हातात दिली तर. पण एखाद्याच्या घरी फार गोड चहा मिळाल्यावर आपण जसं 'छान झालाय' म्हणतो, तसा त्याचा चेहरा व्हायचा.

कॅनडाहून इथे कोण येणार आहे, याची खबर त्याला विमान कंपनीच्या आधी लागे. कुणाची बहीण, कुणाचे सासरे, कुणाचा जुना रूममेट. त्या बिचाऱ्यांच्या सामानात बीअरचे कॅन असत, लोकरीच्या मोज्यात घातलेले, आपटून फुटू नयेत म्हणून. आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये 'निकाल' असे. गाडी बाहेर, घडीचं टेबल आत, आणि वर्षभरात जमलेले कॅन मोजे न काढता रांगेत उभे. मोजे काढायचे नाहीत, कारण लेबल दिसता कामा नये. वरचं टोक तेवढं उघडं. ओतायचं काम माझ्याकडे. न पिणाऱ्या बाईला काही आवडनिवड नसते, म्हणून मी पंच. माझा नवरा आणि दोन-तीन मित्र घोट घोट घेऊन मोठ्या गंभीरपणे माना डोलावत. शिरीष सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी स्वतःला हवा तोच निकाल लावायचा. वर्षातल्या पाच सर्वोत्तम कॅनेडियन बीअर! कॅनवरची नावं त्याला पोरकट वाटत, म्हणून तो आपली नावं ठेवी. ओटची दाट काळी बीअर ती 'गोधडी'. धुराच्या वासाची ती 'चुलीजवळची'. एका फारच कडू बीअरला त्याने मंजिरीच्या देखत 'सासूबाई' म्हटलं होतं आणि मग दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायला होता.

त्या गॅरेजात एक नियम फार कडक होता. निकाल लागेपर्यंत कुणी काही खायचं नाही. मंजिरीच्या चकल्या आणि चिवडा आतल्या ओट्यावर झाकून ठेवलेले असत. तिखटमीठ तोंडात गेलं की जीभ खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. माझ्या नवऱ्याने एकदा खिशातून चार दाणे तोंडात टाकले, तर शिरीषने त्याचं मत त्या वर्षापुरतं बादच करून टाकलं. नवरा अजून त्याबद्दल कुरकुरतो.

ऋचा शिकायला टोरोंटोला गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी शिरीषला छळलं, की पोरीला पाठवलंस की पुरवठा खातं उघडलंस? तो हसायचा. पण विमानतळावरून आल्यावर दिवसभर गॅरेजात काहीतरी आवरत बसला होता, असं मंजिरी म्हणाली. पुढच्या सुट्टीत ती येणार, मोजे भरून आणणार, असं ठरलेलं होतं. आणि मग सीमा बंद झाल्या. तिचं यायचं तिकीट एकदा रद्द झालं, मग पुन्हा रद्द झालं. तिच्या सोबतच्या मुली आपापल्या घरी निघून गेल्या आणि ती बेसमेंटमधल्या त्या घरात एकटी उरली. वर्ग ऑनलाइन, रस्ते ओस. इकडे आम्हाला पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी. एकमेकांच्या घरीसुद्धा जाता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी इकडून फोन केला की तिची शुक्रवारची संध्याकाळ असायची. शिरीषने मला त्या व्हिडिओ कॉलमध्ये ओढलं. म्हणाला, "यंदाचा निकाल ऋचाच्या जिभेने लावायचा. ती तिकडे कॅन आणेल, पिऊन सांगेल, मी ऐकून ठरवीन. पंच म्हणून तू हवीस." मला आधीच शिफ्टने जीव नकोसा झाला होता. शनिवारी दुपारी पुन्हा कामावर जायचं असायचं. पण नाही म्हणवेना. मग स्क्रीनवर असं दृश्य: ऋचा बेसमेंटमध्ये कॅन घेऊन, मी स्वयंपाकघरात डोळे चोळत, आणि बीअरचा हा थोर रसिक टार्निटच्या गॅरेजात सकाळी नऊला आल्याचा चहा पीत. मंजिरी आत असायची. तिला हा प्रकार बघवत नव्हता.

पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "थांब. आधी जेवून घे."

"बाबा, आय एम नॉट हंग्री."

"मग कॅन उघडायचा नाही. रिकाम्या पोटी चव कळत नाही."

मी चमकलेच. ज्या माणसाने चार दाण्यांसाठी माझ्या नवऱ्याला बाद केलं, तो हे म्हणत होता! पोरीने वैतागून अंडं फोडलं, पोळी कुठली, ब्रेडच होता, तो भाजला. खाल्ला. मग घोट घेतला आणि म्हणाली, "इट्स ओके. पाइन. थोडं सिट्रस." शिरीष मान डोलावत राहिला. पुढच्या शनिवारी खिचडी. त्याच्या पुढच्या शनिवारी पिठलं, तेही गुठळ्या झालेलं. शिरीष कॅमेऱ्यातून बघून सांगायचा, आच कमी कर, आता झाकण ठेव. कधी कधी त्या स्वयंपाकातच इतका वेळ जाई की कॅन तसाच राहून जायचा आणि मला कामाला पळावं लागायचं.

एकदा ऋचाने फोन ठेवल्यावर मी त्याला झापलं. "अरे, एकट्या राहणाऱ्या पोरीला दर आठवड्याला बीअर प्यायला लावतोस, लाज नाही वाटत?"

तो चहाचा कप फिरवत बसला. मग म्हणाला, "तिच्या मागे सिंकमध्ये बाउल बघितलास? गेल्या शनिवारी होता तोच आहे. जेवलीस का विचारलं की हो म्हणते, आणि फोन ठेवते. बीअरचं विचारलं की अर्धा तास बसते. काय करू सांग... इथून दुसरं काय करता येतं मला?"

"आणि ती बीअर?"

"एक घोट घेते. बाकीचं सिंकमध्ये जातं. मला काय कळत नाही?"

तोवर मी त्याला कॅमेऱ्यात नीट बघितलंच नव्हतं. त्याचे डोळे खोल गेले होते. मुलगी तिकडे वाळत चालली होती आणि हा इकडे. मला त्याचा फार राग आला होता, तो गेला, आणि त्याच्या जागी नुसतं वाईट वाटत राहिलं. कामावर जाताना गाडीत मी रडले. कशासाठी ते नीट सांगता येत नाही.

डिसेंबर आला. आमच्याकडचे निर्बंध उठले होते, तरी निकाल फोनवरच लागला. ऋचाने मेपलचा पाक घातलेल्या एका बीअरचं असं काही वर्णन केलं होतं की मला वाटलं, पहिला नंबर तिचाच. करपलेली साखर, ओकचं लाकूड, शेवटी व्हॅनिला. शिरीषने तिला चौथी ठेवलं. पहिला नंबर मिळाला एका आंबट, लालसर बीअरला. तिच्याबद्दल ऋचा एवढंच म्हणाली होती, "ई, बाबा! आजीच्या सोलकढीत नारळ संपला तर कसं लागेल, तसं लागतंय." आणि तोंड वाकडं करून हसली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. शिरीषने तिचं नाव ठेवलं 'बिननारळाची'.

मी पंच म्हणून हरकत घेतली. तिला आवडली नाही, ती पहिली कशी?

नंतर फक्त आम्ही दोघंच लाइनवर होतो तेव्हा तो म्हणाला, "मेपलचं सगळं कॅनवरचं वाचून दाखवलंन. ही एकच तिने खरी चाखली. त्या दिवशी ती तिथे होती, मेधा. पूर्ण होती."

पुढचं वर्ष जरा बरं जाईल असं वाटलं होतं. ऋचाचा चेहरा भरला. ती स्वतःहून सांगायला लागली, आज आमटी केली, आज थालीपीठ तुटलं. शनिवारचा कॉल कधी चुकला नाही. आणि ते दोघं एकमेकांना भेटले नाहीत ते नाहीतच. विमानात जागा मिळायची, जायची, पुन्हा रांगेत नाव. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

अंत्यविधीला दहाच जण चालणार होते. खुर्च्या लांब लांब. मंजिरीला जवळ घ्यायचं की नाही याचाही विचार करावा लागला, आणि मग मी तो न करता तिला घट्ट धरलं. ऋचा एका स्टँडवर लावलेल्या फोनमध्ये होती. मधेच चित्र अडकायचं, तिचं तोंड अर्धवट उघडं राहायचं. गुरुजी मंत्र थांबवून चित्र सुरू व्हायची वाट बघायचे. भला माणूस.

त्यानंतरचे दोन शनिवार तिने फोन उचलला नाही. फक्त मेसेज: "आय एम फाइन, आई." मंजिरी मला फोन करून म्हणायची, "फाइन म्हणतेय." त्या शब्दाचा अर्थ आता आम्हा दोघींना ठाऊक होता.

गेल्या शनिवारी तिने स्वतः फोन केला. गाठीभेटींची परवानगी नुकती मिळाली होती, म्हणून मी मंजिरीकडेच होते. मंजिरी म्हणाली, गॅरेजात बसू. शिरीषच्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. स्क्रीनवर ऋचा दिसली. गालाची हाडं वर आलेली, मागे अंधार. समोर एक कॅन.

"यंदाचं काय करायचं, मावशी?" तिने मला विचारलं. "निकाल. बाबाचं... आय डोन्ट नो, कंटिन्यू करायला हवं ना? त्याला तेवढंच तर होतं. ॲक्चुअली मला बीअर कधी आवडलीच नाही. आय हेटेड इट. एक घोट घ्यायचे आणि ओतून टाकायचे. पण तो त्या गॅरेजात एकटा बसायचा, लॉकडाउनमध्ये... मला वाटायचं, एवढं तरी करू त्याच्यासाठी."

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. शिरीषने तिलाही काही सांगितलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे सांगणारी आता मी एकटीच होते.

"ऋचा," मी म्हटलं, "त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"या गॅरेजात बीअर चाखण्याआधी कुणी काही खाल्लं तर तो त्याला बाद करायचा. तू तेव्हा इथे नसायचीस, तुला माहीत नसेल. तुझ्याबाबतीत तेवढा त्याने नियम उलटा केला. त्याला तू जेवलेली बघायची होतीस. दर शनिवारी, डोळ्यांनी. बाकी काही नको होतं त्याला."

मंजिरी तोंडाला पदर नव्हता म्हणून जॅकेटची बाही लावून बसली होती. मग ऋचाने नाक पुसलं, कॅन उचलून बाजूला ठेवला आणि उठली. स्क्रीनवर नुसती भिंत राहिली. नळ सुटल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

"आई," आतून तिचा आवाज आला, "वरण-भाताला तांदूळ आणि डाळ एकदमच लावू का?"

"वेगवेगळ्या भांड्यात," मंजिरी म्हणाली. "हळद डाळीत. पाणी जरा जास्त घाल."

आम्ही दोघी टार्निटच्या त्या गॅरेजात, फोन टेबलावर उभा करून, टोरोंटोतल्या कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसलो. मला शिफ्टला उशीर होत होता. मी उठले नाही.