ताकीद घेतली, नाव बदलले नाही

शंकरराव भोईटे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते ग्वाल्हेरच्या लष्करी वाहनांच्या वर्कशॉपमध्ये, एका काळ्या फळ्यासमोर. मी नवा फिटर होतो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. शंकरराव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, आमचे चार्जहँड. कोणते यंत्र कोणी सांभाळायचे, बिघडले तर कोणी दुरुस्त करायचे, हे तेच ठरवत. त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर क्रेनच्या गाडीपुढे माझे नाव लिहायला सांगितले. मी लिहू लागलो, तसे म्हणाले, "गाडी बघितलीस का?"

"नाही."

"मग लिहितोस कशाला? आधी खाली शिरून ये."

तासाभराने मी ग्रीसने माखलेल्या हाताने नाव लिहिले. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

आज काका पंच्याहत्तर वर्षांचे झाले. या गौरव अंकासाठी लिहायला बसण्याआधी गौरव समितीतील एका ज्येष्ठांनी मला टोपी बाजारातल्या आपल्या दुकानात बसवून घेतले आणि प्रेमाने सांगितले, "अहो, मंगल प्रसंग आहे. ती ताकीद कशाला उकरून काढता? निष्कलंक सेवा, असं लिहून टाका ना." त्यांच्या वयाचा मी मान राखतो. पण त्यांचे ऐकणार नाही. ती ताकीद वगळली तर काकांबद्दल लिहिण्यासारखे फार थोडे उरेल, आणि ते कोणाबद्दलही लिहिता येईल.

काकांच्या फळ्यावर एका यंत्रापुढे एकच नाव असे. दोन नावे त्यांना चालत नसत. दोघांचे काम असले की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने बघितले असेल, हा त्यांचा अनुभव. एकदा वरून सूचना आली की माणसांची नावे काढून नुसते विभागाचे नाव लिहावे. काका म्हणाले, "साहब, विभाग गाड़ी के नीचे नहीं लेटता." फळा तसाच राहिला.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करत असू. ज्याचे नाव, त्यानेच आपले यंत्र आदल्या दिवशी तपासायचे, तोवर काका फूल वाहू देत नसत. कोणी घाई केली की म्हणत, "ढिल्या ब्रेकला हळदकुंकू वाहिलंस तर देवीच विचारेल, बाबा, हे काय आणलंस माझ्यापुढे?" भक्तीचा इतका सरळ अर्थ मला दुसऱ्या कोणी शिकवला नाही.

आता ती गोष्ट. वरिष्ठांची पाहणी यायची होती. आमच्या साहेबांनी तोंडी हुकूम देऊन मला चार दिवस गाड्या रंगवायच्या कामाला लावले. काकांनी विरोध केला, पण हुकूम तो हुकूम. क्रेनपाशी ठेवायला दुसरा माणूस नव्हता. त्यांनी माझे नाव पुसले आणि तिथे स्वतःचे लिहिले. इतर कामे सांभाळून ते क्रेनकडे जमेल तसे बघत होते. तिसऱ्या दिवशी क्रेनचा ब्रेक सरकला, वजन खाली आले आणि आमच्या रामसेवकजींच्या हाताची हाडे मोडली.

चौकशी लागली. फळ्यावर काकांचे नाव राहिले तर पुढचा प्रश्न उघड होता: रोजचा माणूस कुठे होता, आणि कोणाच्या हुकमाने? साहेबांनी आम्हा दोघांना बोलावले.

"भोईटे, बोर्ड पर इसी का नाम लिख दीजिए. क्रेन तो इसी की है."

"उस दिन नहीं थी साहब. मेरी थी."

"सोच लीजिए. फोरमैन की कुर्सी ख़ाली हो रही है."

"बैठने को मेरे पास स्टूल है."

माझी नोकरी अजूनही कच्ची होती. नाव बदलले असते तर मला त्याच आठवड्यात घरी जावे लागले असते. काकांनी लेखी जबाब दिला: यंत्र त्या दिवशी माझ्या जबाबदारीत होते, ब्रेक तपासण्यात माझी कसूर झाली, आणि नेमलेला फिटर साहेबांच्या तोंडी हुकमाने दुसरीकडे होता. शेवटचे वाक्य खोडा म्हणून त्यांना तीन वेळा सांगण्यात आले. त्यांनी खोडले नाही. त्यांना ताकीद मिळाली, फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. माझी नोकरी राहिली.

प्लास्टर निघेपर्यंत काका कामावरून सुटले की रामसेवकजींच्या घरी जात, त्यांची दाढी करून देत. रामसेवकजी हसून म्हणत, "काका, आप आते हो तो घरवाली चाय में अदरक डालती है. हाथ धीरे-धीरे जुड़े तो अच्छा." काका मात्र हसत नसत. "चूक माझी होती," एवढेच म्हणत.

हा लेख छापायला देण्याआधी मी शिंदे की छावनीत त्यांच्या घरी गेलो आणि समितीचे म्हणणे सांगितले. ते म्हणाले, "ताकीद खरी होती. ब्रेक मी बघितला नव्हता. ती पुसायला निघालात तर तुमचा समारंभ तुम्हीच करा, मी येत नाही."

म्हणून ती इथे आहे, पूर्ण. निष्कलंक हा शब्द मी लिहिणार नाही. ज्यांनी हुकूम दिला त्यांच्या कागदावर एक ओरखडाही नाही. तसल्या कोऱ्या कागदापेक्षा मला काकांची ताकीद पूज्य वाटते, आणि हे मी भर समारंभातही म्हणेन.

कुलस्वामिनीने त्यांना शंभरी दाखवावी. गुडघे चालते राहोत, डोळे स्वच्छ राहोत, आणि चुकीच्या कागदापुढे उमटणारा त्यांचा नकार शेवटपर्यंत असाच खणखणीत राहो.