पाणी प्यायलेली अंडी

आमच्या बाबांना विज्ञान शिकवू नये, हे मला बारावीत कळलं. तोवर उशीर झाला होता.

गिरण्यांचा संप लांबत चालला होता आणि लालबागच्या आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात गावी निघून गेली होती. बाबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. गिरणीबाहेरचं त्यांना काही येत नव्हतं आणि घरात बसून आईच्या फोडणीत खोड्या काढण्यापलीकडे कामही नव्हतं. शेवटी त्यांनी कुणाची तरी पडून असलेली हातगाडी मिळवली. तिच्यावर भुर्जी-पाव विकायचा. आईने एकच अट घातली, "गाडी चालली नाय तर गाशा गुंडाळूचो आणि गावाक जाऊचा." गावाला बारावी सायन्स नव्हतं. म्हणजे माझं शिक्षण त्या भुर्जीवर टांगलेलं, आणि भुर्जी कुणाच्या हाती? तर ज्यांनी जन्मात कधी चहा उकळला नव्हता त्यांच्या!

त्यात माझी बायॉलॉजीची तोंडी परीक्षा आली. शाळेत ज्याला परासरण म्हणायचो त्याला कॉलेजात ऑस्मोसिस म्हणत, आणि ते इंग्रजीतून सांगताना माझी बोबडी वळायची. नीट डोक्यात बसावं म्हणून मी घरीच प्रयोग केला. एक अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. हळूहळू कवच विरघळून गेलं, उरला नुसता पातळ पापुद्रा. मग ते साध्या पाण्यात ठेवलं. सकाळी बघते तर अंडं टम्म फुगलेलं.

बाबा दात घासता घासता थांबले. "ह्यां काय गो?"

मला काय, श्रोता मिळाला! मी तोऱ्यात सांगितलं, की या पापुद्र्यातून पाणी आत जातं, पण आतला पांढरा बलक बाहेर येऊ शकत नाही. जिकडे दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. आपल्या अंगातली एकेक पेशी अशीच पाणी पिते. आणि हेच अंडं साखरेच्या पाकात ठेवलं तर उलट आतलं पाणी बाहेर येऊन चिमून जाईल. बाबांनी मान डोलावली. एवढ्या सगळ्यातून त्यांनी फक्त एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे अंडं मोठं होतं.

गाडी सुरू करायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले तर मोरीत बादली. बादलीत पाणी आणि पाण्यात सगळी अंडी, कवच नसलेली, फुगून तट्ट झालेली. चायनीजच्या गाडीवर काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून व्हिनेगरचा कॅन मिळवून त्यांनी त्याच्याच खोलीत दोन दिवस अंडी भिजवली होती. खोलीभर आंबट वास.

"बाबा, अहो, आत नुसतं पाणी गेलंय! खाण्याचा भाग तेवढाच आहे!"

"पाणी तर पाणी. दूधवालो काय करता मगे?"

"पण भुर्जी पातळ होईल!"

"तू गप रव. सुताक खळ पाजली की कापडाक अंग येता. मगे अंड्यान काय घोडा मारल्यान?"

अख्खं आयुष्य खळ लावलेल्या सुताबरोबर काढलेला माणूस तो. आईने डोक्याला हात लावला. "ह्येंका याड लागला," एवढंच म्हणाली आणि कांदे चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गिरणीच्या गल्लीत लागली. बाबांच्या खात्यातली माणसं जमली. सगळ्यांत पुढे त्यांचा जोडीदार, घाटावरचा, बाबांच्या शेजारच्या मागावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला. बाबांनी ऐटीत अंडं उचललं आणि अडकले. फोडायचं कसं? टिचवायला कवच कुठे होतं! त्यांनी मुठीत धरून दाबलं. फस्सकन पिचकारी उडाली ती थेट जोडीदाराच्या डोळ्यात.

पुढची अंडी मी सुरीने टोचून दिली. तव्यावर भुर्जी कसली, कढीच ती. बाबा ढवळताहेत, घामाघूम होताहेत, पाणी काही आटत नाही. अखेर त्यांनी तेच पांढरट, आंबूस प्रकरण ताटल्यांत ओतलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण खाली मान घालून सगळ्यांनी खाल्लं. लाल डोळ्याचा जोडीदार तर म्हणाला, "अजून एक पाव दे, रस्सा लई झालाय." बाबांचं तोंड एवढंसं झालं.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. आईने माळ्यावरून ट्रंक खाली काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीकडे तोंड करून निजलेले बाबा पुटपुटले, "उद्याचो एक दिवस बघूया."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगली कवचवाली अंडी नेली. पण ती कालची कढी प्यायलेला माणूस पुन्हा कशाला फिरकतोय? स्टोव्ह पेटवून आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने ते आले. कालचेच सगळे, पुढे जोडीदार.

बाबांनी भुर्जी केली. कोरडी, पिवळीधम्मक, खाली जराशी करपलेली. जोडीदाराने पहिला घास घेतला, चावला, थांबला. माझा जीव टांगणीला.

"काय रं," तो म्हणाला, "आज अंड्यास्नी पाणी पाजायचं इसरलास व्हय?"

बाबांनी उलथनं त्याच्यावर उगारलं आणि संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. त्यांना कांद्याचं निमित्त तरी होतं. मी तर कांद्यापासून लांब उभी होते.