काठमांडूची लेक, मुलुंडची मावशी

मावशी गेल्याचा फोन वसुधाचा आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मी कुकर लावत होते. वसुधा म्हणजे मावशींची एकुलती एक मुलगी, ठाण्याला डॉक्टर आहे. रडणारी नाही. "मंगलताई, आई गेली. इथं माझ्याकडेच, चहा पिऊन झाला, कप खाली ठेवला आणि गेली. तुमच्याकडे तिच्या घराची किल्ली आहे ना? उघडून ठेवाल?" समोरचंच घर. किल्ली खिळ्यावरून काढताना मनात आलं, कप खाली ठेवूनच गेल्या, अर्धवट काही सोडलं नाही. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, कोकणातल्या एका माजी संस्थानाच्या राणीसाहेबांचं निधन, सोबत अठराव्या वर्षाचा फोटो, गळाभर दागिने. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी ती बातमी वाचली आणि पान उलटलं. बी विंगच्या मावशी आणि या राणीसाहेब एकच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मासळीबाजारात, तीसेक वर्षांपूर्वी. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, वडील गिरणीतून घरी बसलेले, गाव मालवणकडचं. बाजारात पुढ्यात एक गोरीपान, बारीक डोळ्यांची बाई कोळणीला ठणकावून सांगत होती, "ह्या पापलेट कालचा आसा गो, माका शिकव नको!" मला वाटलं, आपल्याकडचीच कुणीतरी, चेहरा तेवढा वेगळा. मी आपलं विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?" माझ्याकडे न बघता, पापलेटाचे कल्ले उघडून बघत बाई म्हणाली, "काठमांडू." आणि मग मोठ्याने हसली. माझं तोंड उघडंच राहिलं असणार. त्याच संध्याकाळी कळलं की आमच्या मजल्यावरची रिकामी जागा त्यांनीच घेतली होती.

पुढं मग त्यांची सगळी गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली, बहुतेक वेळा मटार सोलताना. नेपाळमधल्या एका सरदार घराण्यातल्या त्या धाकटी मुलगी, म्हणून घरात सगळे कान्छी म्हणत. संस्थानं विलीन होऊन काही वर्षं झाली होती, पण राजघराण्यांचे संबंध तसेच फोटोवरून जुळत होते. फोटो इकडून तिकडे गेला, पत्रिका बघितली, आणि सतराव्या वर्षी त्या कोकणातल्या राजवाड्यात येऊन उतरल्या. सोबत आलेली दाई पंधरा दिवसांत परत पाठवली, कारण सासूबाईंचं म्हणणं, ती असेपर्यंत सून मराठी शिकणार नाही. सासूबाईंना सगळे आऊसाहेब म्हणत. नवऱ्याला मावशी सरकार म्हणायच्या. सरकारांना नेपाळी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते इंग्रजीत विचारायचे. मावशींना इंग्रजीतला एकच शब्द ठाऊक, यस. "इथं करमतं का? यस. आईची आठवण येते का? यस. समुद्र आवडला का? यस. सगळ्यांना वाटायचं, नवी राणी काय खूश आहे बघा!" हे सांगताना त्या हसायच्या, पण सोललेल्या मटारात सालंच पडायला लागायची.

आऊसाहेबांनी त्यांना शिकवायला एक शास्त्रीबुवा नेमले. शुद्ध, दरबारी मराठी. मावशींच्या डोक्यात त्यातलं एक अक्षर शिरायचं नाही. दुपारी सगळे झोपले की त्या मागच्या जिन्यानं मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. तिथं पार्वती नावाची एक बाई नारळ खवायची. तिनं या परक्या मुलीला पाट दिला, हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव सांगायला सुरुवात केली. चार महिन्यांत राणीसाहेबांना मराठी आली, पण ती पार्वतीची मालवणी. राजवाड्यात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग दसरा आला. दरबार भरला, गावोगावची माणसं आली, बायका चिकाच्या पडद्याआड. नव्या राणीनं रयतेला उद्देशून तीन वाक्यं बोलायची होती, शास्त्रीबुवांनी महिनाभर घोकून घेतलेली. दोन झाली. तिसरं आठवेना. "मंगल, इतकी शांतता की मला पुरुषांच्या पागोट्यांवरून माशी फिरताना ऐकू येत होती," मावशी सांगायच्या. आऊसाहेबांची नजर पाठीत रुतत होती. आणि मग त्यांच्या तोंडून जे आलं ते स्वयंपाकघरातलं आलं. "माका मराठी येना नाय. तुमीच माका शिकवा. आणि जेवल्याशिवाय कोण जाव नको!" चिकाच्या पडद्याआड हशा फुटला, आणि एक म्हातारी पडदा सारून थेट पुढं आली, तिनं राणीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दरबार उठल्यावर आऊसाहेब मुलाला म्हणाल्या, "आमच्या राणीनं मोलकरणीची भाषा बोलायची?" सरकार कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "आऊसाहेब, या गादीवरून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कळेल असं बोललं." आणि दालनात गेल्यावर ते इतके हसले, इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. मावशी म्हणायच्या, लग्न वैशाखात लागलं खरं, पण संसार दसऱ्याला सुरू झाला.

सगळं असं गोड नव्हतं. त्यांची आई काठमांडूला वारली तेव्हा आलेली तार आऊसाहेबांनी ठेवून घेतली, कारण घरात मंगलकार्य होतं. मावशींना ते महिन्याभरानं कळलं. पुढं मुलगीच झाली, मुलगा नाही, म्हणून सरकारांच्या पुतण्याला दत्तक घेतलं, तेही यांना न विचारता. आऊसाहेब शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं मावशींनी केलं. मी एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही त्यांना माफ केलंत?" त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "नाही गो. माफ नाही केलं. पण जेवण कधी गार वाढलं नाही." हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलंय.

सरकार गेले आणि दत्तक पुतण्यानं राजवाड्याचं हॉटेल करायचं ठरवलं. त्याला मावशींचा काही त्रास नव्हता, उलट त्या हव्याच होत्या. रोज संध्याकाळी नऊवारी शालू नेसून दिवाणखान्यात बसायचं आणि पाहुण्यांना नमस्कार करायचा, एवढंच काम. मावशींनी त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अरे, एकदा मला फोटोवरून आणलं. आता फोटो करून बसवतोस?" आणि आठवड्याभरात दोन ट्रंका घेऊन त्या मुलीच्या जवळ म्हणून मुलुंडला आल्या. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं. त्या कुलपाचं त्यांना एवढं कौतुक की महिनाभर मला दाखवत होत्या.

मुलुंडमध्ये चारचौघांत त्यांनी राणीपणाचा उल्लेख एकदाच केला, तोही सोसायटीच्या सभेत. आमचा वॉचमन दिलबहादूर गावी जाऊन लग्न करून आला आणि बायकोला, मायाला, पंपाच्या खोलीमागच्या त्याच्या खोलीत घेऊन आला. एकोणीस वर्षांची पोर. दिवसभर दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची, बोलायची नाही. कमिटीतल्या एकानं विषय काढला, वॉचमननं कुटुंब ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही, तिला परत पाठवावं. माना डोलायला लागल्या. माझीही डोलली असती, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मागच्या रांगेतून मावशी उठल्या. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. "मी हिच्याच देशातून, हिच्यापेक्षा लहान असताना लग्न होऊन आले. राजाची राणी म्हणून आले. मला चाळीस खोल्या दिल्या होत्या आणि बोलायला एक माणूस नव्हतं. हिला एकच खोली आहे, तीपण काढून घेताय? काढा. मग ती माझ्या घरी राहील. माझ्या नावावर आहे ते घर, पद्धत मी ठरवीन." राजा-राणीचं ते सभेला नुसती बोलायची रीत वाटली असावी, कुणी त्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. विषय तिथंच मिटला. माया राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी मायाला घेऊन माझ्या दारात. "मंगल, तू रिटायर होऊन नुसती सीरियल बघतेस. हिला लिहायला तू शिकव, बोलायला मी शिकवते." मी म्हटलं, "मावशी, मला नेपाळी येत नाही." तर म्हणे, "मग तूपण शिक की!" तेव्हापासून रोज तीन ते पाच त्यांच्या हॉलमध्ये आमची शाळा. माया आता जवळच्या नर्सिंग होममध्ये कामाला आहे, पेशंटचे कागद वाचते, औषधांची नावं लिहून घेते, आणि एखादा नातेवाईक आवाज चढवायला लागला की त्याला मालवणीत गप्प करते.

दहाव्याला पुतण्या आला. वाईट माणूस नाही तो. हॉटेलात राणीसाहेबांच्या आठवणींचं एक दालन करायचं, त्यांच्या वापरातल्या वस्तू हव्यात, म्हणाला. वसुधानं त्याला सगळं घर फिरून बघायला सांगितलं. मिक्सर, फळा, कॅलेंडर, दोन चष्मे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याला न्यायजोगं काही सापडेना. शेवटी तिनं लग्नातला अल्बम त्याला दिला आणि तो गेल्यावर घराची किल्ली पुन्हा माझ्या हातात ठेवली. "दुपारचं बंद नका करू," एवढंच म्हणाली.

बंद केलेलं नाही. आता मायासारख्या चौघीजणी येतात. गेल्या मंगळवारी मायानं गोवंडीहून एक नवी मुलगी आणली, लग्न होऊन दोनच महिने झालेली. ती दारातच थबकली आणि हळूच नेपाळीत विचारलं, हे घर कुणाचं? एव्हाना तेवढं मला कळतं. मायानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "एक बाई होत्या. आपल्याकडच्याच. लग्न होऊन इथं आल्या होत्या, आपल्यासारख्याच." मुलीनं घरभर नजर फिरवली. मग तिला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "त्यांना मराठी आली का शेवटी?"

माया हसली. "आली का म्हणजे? मला कुणी शिकवली?"