आईचा खोकला आणि सिगारवाली

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका सरकारी इस्पितळात मी छातीच्या आजारांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवणं, 'खोल श्वास घ्या' म्हणणं, हेच माझं काम. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात मला कुठलीच सबब नाही.

वडील गेल्यानंतरच्या डिसेंबरात आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. आई सिन्नरची. लग्नाआधीपासून विड्या वळत होती, ते मी नोकरीला लागेपर्यंत. तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसलेली, हीच तिची माझ्या मनातली प्रतिमा. माझं शिक्षण त्या सुपातून झालं. कॉर्कमध्ये मात्र तिच्या हातांना काही काम नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कपाटातले डबे काढून पुसायची आणि पुन्हा लावायची. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून तिने एकच शब्द उचलला होता, 'ग्रँड', म्हणजे तिकडच्या बोलीत 'अगदी छान'. मी कामावरून आले की विचारायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "ग्रँड," आणि आम्ही दोघी हसायचो. मधूनमधून खोकायची. तिथल्या ओल्या हवेत सगळेच खोकतात.

फेब्रुवारीत नवरा म्हणाला, "आईंना जरा ऊन दाखवून आणू." म्हणून आम्ही तिघं कॅनरी बेटांपैकी एका लहानशा बेटावर आठवडाभर गेलो. केळीच्या बागा, काळी वाळू, अंगाला चिकटणारी ऊब. आई पहिले दोन दिवस खरंच खुलली. तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या माणसाने सांगितलं की वरच्या गावात एक बाई घरीच हाताने सिगार बनवते, पाहुण्यांना दाखवतेही. मला वाटलं, आईला गंमत वाटेल.

बाई पासष्टीच्या आसपासची असावी. तिचे आजोबा क्यूबातून ही कला घेऊन परतले होते. खोली लहान, एकच खिडकी, आणि आत शिरताच नाकात बसणारा तो वास. आई उंबऱ्यातच थांबली.

"ह्यो तर आपल्या घरचा वास," ती म्हणाली.

बाईने पान ओलं करून पाटावर पसरलं, वाकड्या सुरीने मधली शीर काढली, तुकडे जुळवले आणि तळव्याखाली घोळवत गुंडाळले. आई तिच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. कुणाला न विचारता एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपला आणि बघता बघता करंगळीएवढी विडी वळून टोक आत मुडपून टाकलं.  बाईने आईचा हात हातात घेतला आणि अंगठ्यावरचा घट्टा स्वतःच्या घट्ट्याला लावून बघितला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण हसत होत्या.

"एवढी जाड विडी कोण ओढतं गं?" आई मला म्हणाली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावून ती मागच्या मोरीकडे गेली. बाई टॉवेल घेऊन तिच्यामागे गेली. मी नवऱ्याला फोटो दाखवत होते.

बाई एकटीच परत आली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पर्यटकांकडून शिकलेलं. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझी आई. किती दिवस रक्त?"

"कसलं रक्त?"

तिने छातीवर हात ठेवला, मग मोरीकडे बोट केलं. "माझी बहीण इथेच बसायची, त्या स्टुलावर. तिलाही असंच. तू तिला डॉक्टरकडे ने."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर आहे, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

बाहेर ओट्यावर आईला बसवलं. "रक्त कधीपासून पडतंय?"

"दिवाळीपासून. थोडंच असतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

आईने पदराची ओली कड आत दुमडली. "तुझ्यासमोरच तर खोकत व्हते. मला वाटलं, तुला कळलं असंल. तू डॉक्टर. तू काही बोलंना, मग मी म्हनलं, काही नसंल."

माझ्या गप्प राहण्याला तिने निदान समजलं होतं.

हॉटेलवर आल्यावर मी तिच्या पाठीला कान लावला. उजव्या बाजूला खाली श्वासाचा आवाजच येत नव्हता. एवढं ऐकायला डॉक्टरही लागत नाही, जवळ जाऊन कान लावला की पुरे. तीन महिने मी ते केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परतलो. कॉर्कला स्कॅन केला. सहकाऱ्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला. फुफ्फुसातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. आईने कधी विडी ओठाला लावली नव्हती. आयुष्यभर तंबाखूची धूळ श्वासात घेतली, त्यानेच झालं असं मी कागदावर सिद्ध करू शकत नाही.

इलाजाला तिने नकार दिला. "मला घरी नेऊन सोड," एवढंच म्हणत राहिली. मी तिला सिन्नरला भावाकडे नेलं, मिळाली तेवढी रजा तिच्याजवळ काढली आणि कामावर परतले. पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला.

तेराव्याला तिच्या बरोबरीच्या, विड्या वळणाऱ्या बायका आल्या. ओसरीत बसल्या आणि एकेक करून खोकू लागल्या. मी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला आणि प्रत्येकीच्या मागे जाऊन बसले. दोघींच्या छातीत मला नक्की काहीतरी ऐकू आलं. त्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, नाशिकच्या इस्पितळात फोन करून ठेवला.

महिन्याने भावाला विचारलं. कुणीच गेली नव्हती. विड्यांचा एक दिवस मोडतो, म्हणाल्या.