काळी टोपी

मुलीने शाळेतून आणलेल्या काळ्या कागदी टोपीचा डिंक अजून ओला होता. त्या वासाने मी कडाव गावच्या शाळेत, माझ्या दहावीच्या वर्गात जाऊन बसले.

सर गटचर्चेआधी टोप्या वाटायचे. पिवळी घालणाऱ्याने फक्त फायदे सांगायचे, काळी घालणाऱ्याने फक्त अडचणी. स्वतःचे मत बाजूला ठेवायचे. त्या दिवशी विषय होता, मुलींनी पुढे शिकायला कर्जतला जावे का. वनिताला पिवळी मिळाली होती, मला काळी. मला अडचणी सुचेनात, म्हणून मी तिच्याशी टोपी बदलली.

वनिता उभी राहिली. "आईला गुडघ्यांनी बसवत नाय. मी गेले तर म्हशींची धार कोण काढंल?" ती थांबेचना. सरांचे दूध घेऊन तिचे वडील दारात आले होते. तिला कॉलेजला पाठवायचे की नाही, हे त्यांचे अजून ठरत नव्हते. ते म्हणाले, "पोरगीच बोलली. मिटलं मंग."

"अहो, ती नाही, टोपी बोलतेय," सर घाईने म्हणाले.

"टोपीला आमच्या म्हशी कशा ठाव, गुर्जी?"

वर्ग हसला. वनिताही हसली. जूनमध्ये ती कॉलेजला आली नाही.

गेल्या वर्षी मी तिला विचारले, तुला खरंच जायचं नव्हतं का?

"मला पन नाय सांगता येत गं. बोलताना सगळं खरंच वाटत व्हतं."

"आई, ही घालून मनात नसलेलंच बोलायचं ना?" मुलगी विचारते आहे. मी टोपी उलटसुलट करून पाहते आहे.